साडू गाडी मागे घेतात

जर्मनीत येऊन मराठी माणसाने काय काय कमावलं याची यादी कुणी कधी करायला घेतलीच, तर तिच्यात डॉक्टरेट येतील, स्वतःच्या कंपन्या येतील, बागेसकट बंगले येतील. पण गाडीमागे जोडलेलं अख्खं घर डोंगराच्या वाटेवरून उलटं चालवत खाली आणणारा माणूस त्या यादीत एकच सापडेल, आणि ते माझे साडू आहेत. हे मी नात्याखातर बोलत नाही. नात्याचाच विचार केला असता तर मी गप्प बसलो असतो, कारण त्यांच्या या एका कर्तबगारीपायी माझा अख्खा हिवाळा रिकाम्या पार्किंगमध्ये कुडकुडण्यात गेला आहे. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायलाच हवं.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो, आणि तिच्या बहिणीला ताई. ते राहतात लुडविग्सहाफेनला, तिथल्या रसायनांच्या कारखान्यात गेली अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत आहेत. मी ऱ्हाईनच्या अलीकडे, हायडेलबर्गला. प्रयोगशाळेतून घरी निघताना इतर लोक पांढरा कोट काढून ठेवतात आणि त्याबरोबर प्रयोगशाळाही. भाऊजी फक्त कोट काढून ठेवतात. जगात प्रमाणाशिवाय काही नाही यावर त्यांची श्रद्धा आहे. पोह्यांत मीठ किती, तर "शंभर ग्रॅमला दोन." ताई मीठ नुसत्या चिमटीने टाकतात हे कळल्यावर त्यांनी ताईंना वीस वेळा चिमूट घ्यायला लावली, प्रत्येक चिमूट काट्यावर तोलली, आणि सगळ्या सारख्याच भरल्या तेव्हा संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. बोलतात ते मराठीच, पण इतक्या वर्षांत जर्मन त्यांच्या बोलण्यात हक्काच्या शेजारणीसारखी न विचारता येऊन बसते. दर दुसऱ्या वाक्याला "गेनाऊ", म्हणजे बरोब्बर. आणि फोनवर असले की नुसतं "या, या, या". जर्मनमध्ये या म्हणजे हो. हे ठाऊक नसल्यामुळे सासूबाई कराडहून पहिल्यांदा आल्या तेव्हा जावई सकाळपासून फोनवर सगळ्यांना या या म्हणतोय हे ऐकून त्यांनी दुपारी वीस माणसांचा भात टाकला होता.

वोनवागन, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेण्याचं मूळ कारण चहा. भाऊजींना हिंडायची हौस दांडगी, पण हॉटेलांशी त्यांचं कधीच जमलं नाही. "सकाळी उठल्यावर पहिल्या चहासाठी कपडे करून, भांग पाडून, जिना उतरून अनोळखी माणसांत जाऊन बसायचं, हा माणसाचा अपमान आहे," असं ते म्हणत. मग एक दिवस त्यांच्या प्रयोगशाळेतले एक जुने सहकारी निवृत्त झाले आणि त्यांचा वीस वर्षं वापरलेला वोनवागन भाऊजींच्या दारात आला. आत दोन बिछाने, दोन शेगड्या, फुलाफुलांचे पडदे आणि कुठल्याशा जुन्या कॉफीचा वास. सासूबाई पायरी चढून आत गेल्या, पडदे सारून पाहिले, छताला हात लावला आणि म्हणाल्या, "ही तर बाळंतिणीची खोली." तेव्हापासून आमच्या घरात त्या वाहनाला खोलीच म्हणतात.

ही खोली भरणं हा एक सोहळा असतो. खोलीचं नाक गाडीच्या हुकावर किती किलोंनी दाबतं, याला इथे फार महत्त्व. दाब कमी पडला तर खोली रस्त्यावर शेपटी हलवू लागते, जास्त झाला तर गाडीच ढुंगणावर बसते. भाऊजींनी त्यासाठी बाथरूममधला वजनकाटा हुकाखाली ठेवला आणि मध्ये टेकवायला ताईंच्या नव्या झाडूचा दांडा कापून घेतला. मग प्रत्येक वस्तूची जागा ठरली. तांदूळ चाकांच्या बरोब्बर वर. कुकर त्यांच्या शेजारी. लोणच्याची बरणी मागच्या कपाटात दिसली की भाऊजींचा आवाज चढायचा. एकदा मानहाइमच्या जवळ खोली जराशी डुलली तर त्यांनी पुढच्या थांब्यावर गाडी घेतली, आत गेले आणि पाचव्या मिनिटाला चकलीचा डबा हातात घेऊन बाहेर आले. "हा कुणी मागे ठेवला?" ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो डबा पुढचे दीडशे किलोमीटर मी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि सांगायला हरकत नाही, तो पोचेपर्यंत बराच हलका झाला होता.

निघण्यापूर्वी एक्केचाळीस कलमांची यादी मोठ्याने वाचली जाते. भाऊजी रस्त्यात उभे राहून पोथी वाचल्यासारखे "गॅस बंद?" म्हणतात, आतून ताई "बंद" म्हणतात, "छताची खिडकी?" "लावली", "आई?" "बसली". माझं काम मागे उभं राहून दिवे बघण्याचं. डावा लागला, उजवा लागला, ब्रेक लागला, असं मी ओरडायचं आणि समोरच्या घरातल्या जर्मन आजोबांनी खिडकीतून मान हलवून दुजोरा द्यायचा. मग ऐंशीच्या वेगाने प्रयाण. आउटोबानवर, जिथे लोक विमानासारखे जातात, तिथे भाऊजी उजव्या कडेने ताठ बसून ऐंशीवर जातात आणि मागून ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला की त्याला पाहुण्याला निरोप द्यावा तसा हात करतात.

पुढे जाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडचण होती ती मागे जाण्याची. खोली जोडलेली गाडी मागे घेणं हा प्रकार ज्याने केला नाही त्याला सांगून कळणार नाही. खोली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि ती वळू लागली रे लागली की लगेच उलट फिरवून तिच्या मागोमाग जायचं. क्षणभर उशीर झाला की गाडी आणि खोली कात्रीसारख्या मिटतात. पहिल्याच उन्हाळ्यात एका तळ्याकाठच्या कॅम्पवर भाऊजींना दोन झुडपांमधली जागा मिळाली. अशा कॅम्पवर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असलेली मंडळी असतात. नवीन माणूस खोली मागे घ्यायला लागला की ती आपापल्या खुर्च्या त्याच्याकडे वळवून घेतात. सव्वा तास खेळ चालला. ताई मागून "डावीकडे, डावीकडे!" म्हणत होत्या म्हणजे खोली डावीकडे, भाऊजी ऐकत होते ते स्टिअरिंग डावीकडे. एक झुडूप गेलं. शेवटी सहा जर्मन खुर्च्यांवरून उठले, त्यांनी खोली गाडीपासून सोडवली आणि हातांनी ढकलून जागेवर नेऊन उभी केली. त्यातल्या अर्ध्या चड्डीतल्या एका धिप्पाड गृहस्थाने भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मिट गेफ्यूल!" म्हणजे, हे काम जाणिवेने करायचं असतं. चांगल्या मनाने सांगितलं. पण भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत. "जाणिवेने म्हणजे किती?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

परतताना गाडीत ताई म्हणाल्या, "अहो, विकून टाकू या. लोक हसतात ते मला बघवत नाही." भाऊजी म्हणाले, "एक हिवाळा द्या मला. पुढच्या खेपेला नाही जमलं तर तुम्ही म्हणाल त्याला देऊन टाकू."

तो हिवाळा मी विसरणार नाही. इथे रविवारी सगळी दुकानं बंद, त्यामुळे दुकानांची पार्किंगं मैदानासारखी मोकळी असतात. तुर्की दुकानातून आणलेल्या दह्याच्या रिकाम्या बादल्या भाऊजींनी त्या उन्हाळ्यापासून साठवल्या होत्या. त्या दोन रांगांत मांडायच्या आणि मधून खोली मागे घ्यायची. चिरडलेली बादली उचलून नवी ठेवणं माझ्याकडे. पहिल्या रविवारी अकरा गेल्या. भाऊजींनी प्रत्येक वेळचा स्टिअरिंगचा कोन, खोलीचा कोन आणि बादलीचं मरण वहीत लिहून त्यांचं एक कोष्टक केलं, ते प्लास्टिकच्या कागदात घालून उन्हाच्या झडपेला अडकवलं, आणि त्यात बघून चालवायला लागल्यावर बादल्या जास्तच जाऊ लागल्या. एकदा पोलिसांची गाडी आली. हा काय प्रकार आहे, असं एकाने विचारलं. भाऊजींनी लायसन्स दाखवलं, वही दाखवली, कोष्टक दाखवलं. तो पोलीस दहा मिनिटं हाताची घडी घालून बघत उभा राहिला, मग खिडकीशी वाकून अगदी हळू म्हणाला, "दुसऱ्या बाजूला फिरवा," आणि निघून गेला. मार्चपर्यंत बादल्या मरण्याचं प्रमाण दोनवर आलं होतं. पण एकाही रविवारी ते शून्यावर आलं नाही, हे मला माहीत होतं आणि भाऊजींना माझ्याहून जास्त.

सप्टेंबरात आम्ही मोझेल नदीकाठी निघालो. भाऊजी, ताई, सासूबाई आणि मी. माझ्या बायकोला सुटी नव्हती, ती शनिवारी रेल्वेने येणार होती. नदीकाठच्या एका गावात रस्ता खोदलेला होता आणि वळसा घालून जाण्याचा पिवळा बोर्ड उभा होता. त्याचा बाण डोंगराकडे वळलेला. वाऱ्याने वळला होता की कुणाची धडक बसली होती, कोण जाणे. ताई म्हणाल्या, "अहो, ही शेताची वाट दिसतेय."

"बोर्ड आहे ना," भाऊजी म्हणाले. अठ्ठावीस वर्षं जर्मनीत काढलेल्या माणसापुढे बोर्डापलीकडे बोलण्यासारखं काही उरत नाही.

वाट सिमेंटची, एका गाडीपुरती. डाव्या हाताला द्राक्षांचे मळे थेट आभाळापर्यंत चढलेले, उजव्या हाताला उतार आणि खूप खाली नदी. कठडा नाही. अर्धा किलोमीटर चढून एका वळणाशी आलो तर समोरून ॲम्ब्युलन्स. तिच्या मागे द्राक्षांनी भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर. भाऊजींनी करकचून ब्रेक लावला. ॲम्ब्युलन्समधून ड्रायव्हर उतरला, तिशीचा असेल, आणि पळत खिडकीशी आला. वर मळ्यात द्राक्षं तोडताना एक म्हातारी बाई छातीत कळ येऊन पडली होती. ती आत होती. मागचा ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन चढावर, वळणातून उलटा जाऊ शकत नव्हता, त्यामुळे ॲम्ब्युलन्सही जाऊ शकत नव्हती. आमच्या मागे मात्र वाट मोकळी होती. तीनशे मीटरवर, मळ्याच्या शेडपाशी, ती जरा रुंद झालेली आम्ही येताना पाहिली होती.

"तुम्हाला मागे जाता येईल का?" त्याने विचारलं. ओरडला नाही, घाई केली नाही. नुसतं विचारलं.

मी भाऊजींकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. ते म्हणाले, "येईल."

ताई तोवर दार उघडून खाली उतरल्या होत्या. त्या धावत खोलीच्या मागे गेल्या, मळ्याच्या बाजूने आरशात दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडल्या, "अहो, डावं-उजवं नको! मी द्राक्ष म्हणाले तर खोली द्राक्षांकडे, नदी म्हणाले तर नदीकडे!" भाऊजींनी काच खाली केली. झडपेला अडकवलेलं कोष्टक काढून माझ्या हातात दिलं. "हे धरा जरा." मी त्यांच्या शेजारी पुढे जाऊन बसलो होतो. कोष्टक उघडून, कुठला कोन सांगू, असं विचारलं. "नको," ते म्हणाले, आणि स्टिअरिंग खालच्या बाजूने एका हातात धरून त्यांनी खोली मागे ढकलली.

माझ्या खिडकीतून खाली मोझेल दिसत होती, आणि मोझेलशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मागच्या सीटवर सासूबाई गप्प होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळ्या खोऱ्यात फक्त ताईंचा आवाज. "द्राक्ष... द्राक्ष... बास. नदी, थोडी नदी. बास. या, या, या." समोर ॲम्ब्युलन्स पावलापावलाने आमच्या मागोमाग उतरत होती, आणि तिच्या काचेतून तो ड्रायव्हर आमच्या चाकांकडे बघत होता. मध्ये वाटेला एक बाक होता. तिथे खोलीचं शेपूट नदीकडे कललं, माझ्या खालच्या मातीतून चार खडे सुटून घरंगळत गेलेले मला ऐकू आले, आणि ताई इतक्या मोठ्याने "द्राक्ष!" म्हणून ओरडल्या की वरच्या मळ्यातली माणसं उठून उभी राहिली. भाऊजी थांबले. गाडी दोन हात पुढे घेतली, खोली सरळ केली, आणि पुन्हा मागे. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. हात असे हलत होते, जसा कुणी पाळणा हलवावा. थोडा इकडे, थोडा तिकडे, कुठे किती हे जणू हाताला आधीच कळत होतं. त्या तीनशे मीटरमध्ये त्यांनी एकदाही माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं नाही.

शेड आली. खोली अलगद आत वळली, तिच्यामागोमाग गाडी, आणि वाट मोकळी झाली. ॲम्ब्युलन्स शेजारून गेली. ड्रायव्हरने भाऊजींकडे बघून हात वर केला, आणि खाली रस्त्याला लागल्यावर तिचा भोंगा सुरू झाला तो आम्ही ऐकत राहिलो. मग ट्रॅक्टर आला. तो चालवणारा माणूस त्या म्हातारीचा मुलगाच होता. त्याचे डोळे लाल होते. त्याने क्षणभर ट्रॅक्टर थांबवला, भाऊजींकडे बघून एकच शब्द म्हणाला, "रेस्पेक्ट," आणि आईच्या मागे गेला. ताई धापा टाकत आल्या आणि भर रस्त्यात भाऊजींचा हात धरून उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मागच्या सीटवरून सासूबाईंनी अखेर तोंड उघडलं. "जावईबापू, असंच जायचं होतं तर आधी सरळ वर कशाला गेलो?"

ती म्हातारी वाचली. हे दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या मालकीणबाईंनी सांगितलं. त्या भागात सगळे सगळ्यांना ओळखतात. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या तिने म्हणे पहिल्यांदा ट्रॉलीतली द्राक्षं वेळेवर पोचली का ते विचारलं, आणि मग मुलावर ओरडली.

पण आम्ही कॅम्पवर पोचलो त्या दुपारचं सांगायचं राहिलं. पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरायला लागला होता. मालकीणबाई छत्री घेऊन बाहेर आल्या आणि नदीकाठची मोकळी जागा दाखवून म्हणाल्या, सरळ आत घाला, वळवायचीसुद्धा गरज नाही. भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, मागे घेऊन लावावी लागेल अशी एखादी जागा आहे का. बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. पाण्याचा नळ आणि एक अक्रोडाचं झाड यांच्यामध्ये एक कोपरा होता. तिथे कुणी जात नाही, म्हणाल्या. भाऊजींनी ताईंना उतरूही दिलं नाही. पुढे जाऊन वळले, आरशात एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि एका दमात, न थांबता, खोली त्या कोपऱ्यात नेऊन अशी बसवली की नळ आणि झाड यांच्यापासून दोन्हीकडे हातभर अंतर. सुंदर काम. पण पावसामुळे सगळा कॅम्प आपापल्या घरांत दारं लावून बसला होता. एकही खुर्ची बाहेर नव्हती. पाहायला कुणीच नव्हतं.

ताई आणि सासूबाई उतरून खोलीत गेल्या. भाऊजींनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. "चोवीस वर्षं. घाटात समोर गाडी आली की बस मागे घ्यायचे, आणि प्रवाशांना पत्तासुद्धा लागायचा नाही." त्यांनी अंगठ्याने स्टिअरिंगची कड पुसली. "मी शिकलो, इकडे आलो, त्यांना सगळ्याचा अभिमान होता. पण मी नेमकं काय काम करतो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दर फोनला विचारायचे, मी दर वेळी सांगायचो, आणि ते बरं बरं म्हणायचे. आजचं कळलं असतं त्यांना."

बाहेर ताईंनी छत्री धरून काचेवर टकटक केली. "अहो, उतरताय ना?"

"दोन मिनिटं," भाऊजी म्हणाले. मी माझ्या बाजूने उतरलो आणि दार शक्य तितकं हळू लावलं.